तीन आठवड्यांचा कोट

"आजी, बाहेर फॉर्टी आहे," उर्वी म्हणाली आणि मी सुती साडी नेसले.

यात माझी काय चूक? एकोणसत्तर वर्षं नागपुरात काढलेल्या बाईला चाळीस म्हटलं की कॉटनची साडी, तोंडाला ओढणी आणि पर्समध्ये कांदा एवढंच सुचतं. मी मोठ्या रुबाबात दार उघडून अंगणात पाऊल टाकलं आणि वाऱ्याने असा तडाखा दिला की माझी कवळी वाजायला लागली. या लोकांची डिग्रीसुद्धा वेगळी आहे, हे मला विमानतळावरच कुणीतरी सांगायला हवं होतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, फॅरनहाइटचं गणित फळ्यावर शेकडो वेळा करून दाखवलं, पण फळ्यावरची थंडी अंगाला कधी लागली नव्हती.

हिमानी, म्हणजे माझी लेक, कानाला हेडफोन लावलेल्या अवस्थेतच धावत आली. "आई! काय करतेयस? लेअर्स घाल, लेअर्स!"

हे लेअर्स प्रकरण तेव्हापासून माझ्या मागे लागलं. एप्रिल महिना होता. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत, हिमानीच्या गावात, एप्रिल म्हणजे देवाने धड न ठरवलेला महिना. सकाळी बर्फ, दुपारी ऊन, संध्याकाळी पाऊस, आणि तिन्ही वेळा हिमानी म्हणणार की नॉर्मल आहे. अशा हवेत म्हणे एक जाड कपडा घालायचा नाही, पातळ-पातळ चार घालायचे आणि ऊन वाढेल तसा एकेक उतरवायचा. ऐकायला छान आहे. पॅन्ट-शर्टवाल्यांसाठी ठीकच आहे. पण साडीवर हा प्रयोग कुणी करून बघितलाय का?

मी केला. उर्वीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. आत थर्मलची विजार, त्यावर परकर, त्यावर साडी, पायात परीक्षितचे, म्हणजे जावयाचे, लोकरी मोजे. वर स्वेटर. आता स्वेटर साडीवर घातला तर माझा बॉर्डरचा पदर दिसणार कसा? म्हणून मी स्वेटर आत घातला, पदर त्याच्यावरून घेतला आणि खांद्यावर दोन पिना टोचून पक्का केला. आरशात बघून स्वतःवर खूश झाले. शाळेत पोचलो तर तिथे हीटर असा लावलेला की जणू मुलांना उबवायचंय. शेजारची गोरी बाई एकेक कपडा काढत बिनबाह्यांच्या बनियनवर येऊन पोचली. मी मात्र स्वेटर काढायचा तर आधी पिना, मग पदर, मग भर सभेत नको तो देखावा. उर्वीचं गाणं होईपर्यंत मी पुरणासारखी शिजत बसले. हिमानी शेजारून कुजबुजली, "आई, स्वेटर काढ ना." मी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती पुन्हा स्टेजकडे बघायला लागली.

या सगळ्या थरांच्या वर होता तो कोट.

कोट जांभळा होता. गुडघ्याच्या वरपर्यंत, मोठ्या काळ्या बटणांचा, फक्त वरून दुसरं बटण तपकिरी. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी हिमानीने तो गॅरेजमधून आणला. मी विचारलं, "कोणाचा?" ती म्हणाली, "सगळ्यांचा."

खरंच सगळ्यांचा होता. कुणा श्रीरंग नावाच्या मुलाने तो फार पूर्वी आपल्या आईसाठी घेतला. मग त्याची नोकरी शुगर लँडला गेली. तिथे बारा महिने घाम, तर कोट इथेच ठेवून गेला. तेव्हापासून ईडन प्रेरीत ज्याची आई येईल तिच्या अंगावर तो चढतो. कुणाची जाड असली तर बटणं उघडी ठेवायची, बारीक असली तर आत शाल भरायची. आईबाप इकडे सहा महिने राहायला येतात, एप्रिलात येतात आणि ऑक्टोबरात जातात. मधला उन्हाळा छानच असतो. म्हणजे थंडी लागणार ती येतानाची थोडी आणि जातानाची थोडी.

"तीन आठवड्यांसाठी कोण कोट घेतं, आई?" हिमानी म्हणाली.

बरोबरच होतं. मी लेकीला हिशेबी वाढवलं आणि ती हिशेबी निघाली, तर तक्रार कोणाकडे करणार? मी मुकाट्याने हात घातले. पण मला वाईट वाटलं, हे सांगून टाकते. कोट वापरलेला होता म्हणून नाही. मी सेकंडहँड पुस्तकांवर शिकले, बहिणीच्या साड्या नेसून नोकरीला लागले. वाईट याचं वाटलं की आम्हाला बोलावतातच मुळी कोट लागणार नाही अशा बेताने. खऱ्या हिवाळ्यात ही मुलं कशी जगतात ते आम्हाला फक्त फोनवर कळतं.

तर एका रविवारी आम्ही मिनेहाहा धबधब्याला गेलो. तिथे नेतातच. ईडन प्रेरीत उतरलेली प्रत्येक आई पहिल्या रविवारी त्या धबधब्यासमोर उभी केली जाते आणि तिचा फोटो काढला जातो. परीक्षितने माझाही काढला. मागे धबधबा, पुढे मी, कोट जांभळा, डोक्याला कानटोपी, खाली साडी आणि तिच्याखाली परीक्षितचे जुने स्पोर्ट शूज. मी तो फोटो नागपूरच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला.

आमच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो कुणी बघत नाही. अंगठा दाखवायचा, 'सुंदर' लिहायचं, पुढे जायचं. पण सुवर्णा बघते. सुवर्णाकडे वेळच वेळ आहे. तिने विचारलं, "लता, कोट काय झकास आहे गं! कुठला?"

मी काय लिहिणार होते? गॅरेजमधला? सगळ्यांचा? माझी बोटं थांबली आणि मग आपोआप चालली. "हिमानीने घेतला. खास माझ्यासाठी."

लिहिलं आणि बरं वाटलं. अर्धा तास मी त्या खोट्याच्या उबेत मस्त बसले. मग सुवर्णाने ग्रुपवर दोन फोटो शेजारी-शेजारी टाकले. एक माझा आणि एक आसावरीचा, दोन वर्षांपूर्वीचा. तोच धबधबा, तोच कोट. खाली लिहिलं होतं, "अगं, आसावरीचाही अगदी असाच होता ना! तिच्या देवांगने खास घेतलेला. काय योगायोग!"

आसावरी आणि मी तीस वर्षं एका भिशीत आहोत आणि तीस वर्षं एकमेकींना सहन करतोय. तिचा देवांग आधी इथेच ईडन प्रेरीत होता, मग एडिसनला गेला. अमेरिकेहून परत आल्यावर वर्षभर तिने त्या कोटाचं पारायण केलं होतं. देवांगने दुकानात कसा उभं राहून निवडला, माझ्या रंगाला कसा शोभतो म्हणाला वगैरे. मी मान हलवत चिवडा खात होते. तिचा फोटो तेव्हा मी मोठा करून बघितला असता तर आज ही वेळ आली नसती.

उर्वीने माझ्या हातातून फोन घेतला, दोन बोटांनी फोटो ताणला आणि म्हणाली, "आजी, लुक. सेम ब्राउन बटन."

"गप बस आणि होमवर्क कर," मी म्हटलं.

आता ग्रुपवरच्या बाकीच्या बायका जाग्या होणार, बटण बघणार आणि प्रतापनगरापासून धरमपेठेपर्यंत बातमी जाणार की लताच्या अमेरिकेतल्या लेकीने आईला मागून आणलेला कोट घातला. माझं काय व्हायचं ते होवो, पण हिमानीला कुणी नाव ठेवलेलं मला चालणार नव्हतं. नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आहे.

तेवढ्यात आसावरीचा फोन आला. व्हिडिओवर. केस विंचरलेले नव्हते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"लता," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तू कुठे बसून राहिली? आजूबाजूला कोणी आहे का?"

"नाही. बोल."

"तो कोट..." ती म्हणाली.

"हो, तोच कोट."

"देवांगने नव्हता घेतला."

"हिमानीनेही नाही घेतला."

आसावरी म्हणाली, "मी मागितला होता गं त्याला. लाज सोडून मागितला. तर म्हणे, आई, तीन आठवड्यांसाठी?"

"तीन आठवड्यांसाठी कोण कोट घेतं," मी वाक्य पुरं केलं.

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. आम्ही दोघी असल्या हसलो की तिच्याकडे मागून कामवाली काय झालं म्हणून विचारत आली आणि इकडे माझ्या कवळीची पंचाईत झाली. हसता हसता आसावरीचे डोळे भरून आले, आणि माझेही. तीस वर्षांत ती बाई मला पहिल्यांदाच आवडली.

"माझी पोरगी वाईट नाही गं," मी म्हटलं. "जीव लावते. पण मला लिहवलंच नाही की कोट मागून आणलाय म्हणून. माझ्यासाठी एक कोट घ्यावासा वाटला नाही हिला, हे त्या बायांना कशाला कळायला हवं?"

"आता ते सुवर्णाचं काय करायचं ते बोल," आसावरी म्हणाली. रडणं ती फार वेळ करत नाही, एवढा तिचा गुण मानायला हवा. "मी लिहून टाकते की तिकडच्या मॉलमध्ये यंदाही तीच फॅशन आहे. आणि ते तपकिरी बटण म्हणजे कंपनीची खूण."

"कोण विश्वास ठेवेल?"

"सगळ्या."

आणि सगळ्यांनी ठेवला. वर एकीने लिहिलं की तिने ही कंपनी दुबईत बघितली आहे. सुवर्णाने मात्र लिहिलं, "लता, येताना मलाही एक आण ना. बटण बघून आण, नकली नको. मला कोण आणून देणार? आमचा ऋषी वरच्याच मजल्यावर राहतो. तो फार तर संध्याकाळी भाजी आणतो."

ते वाचून माझा संताप झाला. फार तर भाजी आणतो! रोज संध्याकाळी पोरगा जिना उतरून येतो, पिशवी ओट्यावर ठेवतो, आई कोथिंबीर जून आहे म्हणून ओरडते, आणि हिला जांभळा कोट हवाय! नागपुरात, जिथे जानेवारीतसुद्धा दुपारी पंखा लावतात! मी आणि आसावरीने असे दहा कोट त्या कोथिंबिरीच्या जुडीवरून ओवाळून टाकले असते. मी लिहिलं, "बघते," आणि फोन पालथा ठेवला.

वळले तर दारात हिमानी उभी. हेडफोन गळ्यात. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरच होतं.

"सांगायचं ना, आई," ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"की नवा कोट हवाय. मी लगेच ऑर्डर केला असता. दोन दिवसांत घरी आला असता."

"मला कोट नको होता."

"मग काय हवं होतं?"

आता हे कसं सांगणार? तोंडाने मागावी लागलेल्या वस्तूची मजा जाते, एवढं तरी या पोरीला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझी मीटिंग चालू असेल ना, जा." ती म्हणाली, "तू नेहमी असंच करतेस, यार." आईला यार! मी म्हटलं, हो, मी असंच करते, तुझा बाप गेल्यापासून मला असंच करायची सवय आहे. ते बोलायला नको होतं. ती आत गेली, दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढचे काही दिवस आम्ही फक्त उर्वीमार्फत बोललो. "आजीला विचार चहा घेणार का." "आईला सांग घेणार."

त्याच आठवड्यात इशिताचा फोन आला. इशिता म्हणजे हिमानीची ऑफिसातली मैत्रीण. तिची आई अकोल्याहून यायची होती, आणि तिला आता कोट हवा होता. पाळी तिच्या आईची. मी म्हटलं, दोन दिवसांनी ने, जरा काम आहे.

काम होतं बटणांचं. सुईदोऱ्याचा डबा मी बरोबर आणलाच होता. परीक्षितचा एक निळा ब्लेझर कपाटात लोंबत होता, सोनेरी बटणांचा, लग्नानंतर त्याच्या पोटाला तो कधी झाला नसावा. मी त्याची बटणं काढली. विचारलं नाही. जावयाला अशा गोष्टी विचारल्या की तो नाही म्हणत नाही, पण तोंड करतो. काळी सहा आणि ते तपकिरी, सगळी उसवली आणि सोनेरी लावली. कमी पडली तेव्हा बाहीवरची छोटी बटणं वर गळ्याशी लावली. मग माझ्या एका जुन्या साडीची जरीची किनार कापून कॉलरला आतून दुमडून शिवली, इतकी की काठ जरासा बाहेर दिसेल. कोट ओळखू येईना. म्हणजे मला येत होता, पण अकोल्याच्या ग्रुपवर कुणाला येणार नव्हता.

हिमानी कॉफी घ्यायला आली आणि थबकली. "हे काय करतेयस?"

त्या भांडणानंतर ती थेट माझ्याशी बोलली ते हेच. मी सुई दाताखाली धरून म्हटलं, "नवा करतेय."

ती उभी राहिली. कॉफी विसरली. मग ब्लेझर बघून म्हणाली, "परीक्षितला कळलं तर?" आणि हसायला लागली. मी हसले नाही. पण सुई पुढे चालवली.

इशिता न्यायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. "आईला सांग, तूच घेतलायस. खास तिच्यासाठी."

"काकू, पण ते खोटं होईल ना," ती बिचारी गोंधळली.

"होऊ दे. बोलून तर बघ, आणि तिच्या तोंडाकडे बघ."

दोन दिवसांनी ती आईला घेऊन भेटायला आली. बाहेर गारठा होता, मे महिना लागला तरी. बाई कोट काढायला तयार नव्हती. सोफ्यावर बसून सोनेरी बटणावरून हात फिरवत मला म्हणाली, "इशिताने घेतला. मी म्हटलं कशाला, मला काय करायचाय, पण ऐकतच नाही हो ही. रंग जरा भडक नाही ना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "लेकीची निवड चांगली आहे."

इशिता मान खाली घालून बिस्किट मोडत होती. हिमानी माझ्याकडे बघत होती. तिचं नाक लाल झालं होतं, रडू आवरताना लहानपणी व्हायचं तसं. मी चहा गाळायला उठले.

त्यानंतर हवा एकदम उलटली. एका शनिवारी उर्वी ओरडत आली, "आजी, इट्स एटी!" तोवर मला ते गणित अंगाने कळायला लागलं होतं. एटी म्हणजे सुखाचं. मी सुती साडी नेसून घरामागच्या लाकडी डेकवर कैरी किसत बसले होते. हिमानी गाडीतून एक भली मोठी पिशवी घेऊन उतरली आणि ती माझ्यासमोर उपडी केली.

कोट होता. पण कोट म्हणायचा की गादी? पायाच्या घोट्यापर्यंत, आत पिसं भरलेला, डोक्याला केसाळ टोपी, रंग गडद हिरवा.

"हा काय घेऊन आलीस? बाहेर लोक चड्ड्यांवर हिंडतायत."

"म्हणूनच स्वस्तात मिळाला. दुकानवाला पण हसला मला," ती म्हणाली. "आई, हा एप्रिलचा नाही. हा जानेवारीचा आहे."

"जानेवारीत मी नागपुरात तुरीच्या शेंगा सोलत असते."

"या वर्षी सोल. पुढच्या वर्षी हिवाळ्यात इथे ये. खऱ्या हिवाळ्यात. तळं गोठतं, त्यावर माणसं चालतात, उर्वी तुला चालवत नेईल. मी लवकर घरी येते तेव्हा, कारण चारलाच अंधार पडतो आणि काहीच करायला नसतं. फार कंटाळा येतो, आई. तू असलीस तर..." तिने कोटाची टोपी सरळ केली. "लेअर्स मी शिकवते. पदर आत घ्यायचा."

"उणे वीसात बोलावतेस? मारायला की काय?"

"हो," ती म्हणाली. "आणि हा जाताना न्यायचा नाही. इथेच राहील. पुढच्या दारातल्या कपाटात, माझ्या कोटाशेजारी."

मी रडले. कैरीचं निमित्त चालण्यासारखं नव्हतं, कैरीने कुणी रडत नाही. हिमानीने किसणी बाजूला केली, मला उभं केलं आणि त्या गादीत भरलं. खालपासून हनुवटीपर्यंत चेन ओढली. मे महिन्याच्या टळटळीत उन्हात मी डेकवर उभी, टोपीच्या केसांतून फक्त नाक बाहेर. उर्वीने फोटो काढला. शेजारचा म्हातारा गवत कापायचं थांबवून बघत राहिला.

तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. फक्त आसावरीला पाठवला. तिकडे अपरात्र असणार, पण तिला झोप येत नाही हे मला माहीत होतं. लगेच उत्तर आलं.

"आता हा कोणाचा गं?"

"माझा," मी लिहिलं. मग हिमानीला हाक मारली, कारण चेनमध्ये पदर अडकला होता आणि मी आत उकडून निघत होते.